शनिवारची पिशवी

बिस्किटांच्या कारखान्यात, आमच्या पट्ट्यावर, तिला सगळ्या जणी ‘तराजू’ म्हणायच्या. बिस्किटांचा पुडा नुसता हातात घेतला, तरी एक बिस्कीट कमी आहे हे तिला कळायचं. वजनाचं यंत्र होतं शेजारी, पण ते अधूनमधून चुकायचं. ती चुकलेली मला आठवत नाही. बावीस वर्षं ती त्या पट्ट्यावर उभी होती आणि त्यातली चौदा वर्षं मी तिच्या उजव्या हाताला होते. म्हणून हे मीच सांगायला हवं. शिवाय जे झालं त्यात माझाही हात आहे, तेही सांगते.

कारखान्यात भट्टीतून बिस्किटं पट्ट्यावर यायची, आम्ही ती पुड्यांत भरायचो. फुटलेली बाजूला टाकायची. त्या तुकड्यांची दर शनिवारी सुटी होताना प्रत्येकीला दोन किलोंची पिशवी मिळायची, फुकट. गोड, खारी, मलईची, सगळी सरमिसळ. नवीन बाई कामाला लागली की पगाराच्या आधी पिशवीची चौकशी करायची. त्या पिशवीवर आमची पोरं वाढली, यात काही अतिशयोक्ती नाही. सकाळी चहाबरोबर तुकडे, शाळेच्या डब्यात तुकडे, तान्ह्याला दुधात कालवून तुकडे. पहाटे सहाच्या पाळीला यायचं म्हणजे पाचला घर सोडायचं, चूल पेटवायला वेळ कुणाला होता? दुपारी घरी पोचलं की पायांचे तुकडे पडलेले असायचे, मग संध्याकाळीही पुष्कळदा पिशवीच. शेजारपाजारचे म्हणायचे, तुमची मजा आहे बाई. आम्हालाही तसंच वाटायचं.

तराजूचं घर सायकलच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याला सगळे पेंटरच म्हणत. उंच, बडबड्या, शिडीवर चढून गाणारा माणूस. एकच मुलगी, तेव्हा कॉलेजात. पेंटरला गोडाची भारी ओढ. मलईच्या तुकड्यांसाठी तो बायकोच्या आधी पिशवीत हात घालायचा.

पहिल्यांदा त्याला तहान लागायला लागली. शिडीवरून उतरून तांब्यावर तांबे पाणी प्यायचा. मग वजन उतरलं. तो म्हणायचा, “बरंच झालं, शिडीला आता माझं ओझं होत नाही.” मग एक दिवस तो लघवीला जायचा त्या खालच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली, आणि सायकलवाल्यानं त्याला खालूनच ओरडून सांगितलं, “पेंटर, तुझ्या साखरेवर मुंग्या जगतायत की रे! रक्त तपासून घे.” सगळे हसले. तोही हसला. तपासणीत साखर इतकी निघाली, की तपासणाऱ्यानं आकडा परत काढला.

गोळ्या सुरू झाल्या. खाणं तेच राहिलं. “फुटताना साखर सांडते, तुटलेल्या बिस्किटात ती कमीच असते,” असं तो बायकोला सांगायचा, आणि ती हसून सोडून द्यायची. दोन वर्षं अशीच गेली.

मग तो खिळा. एका दुकानाचं काम संपवून पेंटर संध्याकाळी घरी आला, खुर्चीवर बसून बूट काढायला लागला, तर बूट निघेना. मुलीनं ओढला. मोजा रक्तानं चिकटलेला, आणि बुटाच्या तळातून एक लांब खिळा थेट पावलात गेलेला. दिवसभर तो त्या खिळ्यावर उभा होता. शिडी चढला होता, उतरला होता, चालत घरी आला होता.

“दुखलं नाही?” मुलीनं विचारलं.

“नाही गं,” तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. “काहीच कळलं नाही मला.”

आधी अंगठा काळा पडला. तो कापला. मग पाऊल. तीन महिन्यांनी गुडघ्याखालून पाय काढला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार बोलायच्या नाहीत. पाय काढल्यानंतर त्यांनी तराजूला खोलीत बोलावलं आणि विचारलं, “मावशी, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात काय काय खाता, ते मला सांगा. लाजू नका.”

तिनं सांगितलं. सकाळी चहा-बिस्किटं. दहाच्या सुट्टीत बिस्किटं. दुपारी भात नाहीतर पाव, बरोबर काहीतरी. चारला चहा-बिस्किटं. संध्याकाळी जमलं तर भाजी, नाही जमलं तर... तिथं ती थांबली. हे सगळं तिनं मला दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर सांगितलं, हात न थांबवता.

“मी स्वतःच्या तोंडानं सांगत होते आणि मलाच ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “अठरा वर्षं मी त्याला हेच घातलं. माझ्या हातांनी.”

“अगं, नशिबाचा भाग असतो,” मी म्हटलं.

“नशीब शनिवारी पिशवी घेऊन येत नाही,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला जे सांगितलं ते फार अवघड नव्हतं. कोंड्यासकट पीठ वापरा. डाळी, कडधान्यं रोज. फळ अख्खं खा, रस काढू नका. आणि बाजारात ज्या भाजीचा ढीग लागलेला असेल ती घ्या. ती त्या दिवसांतली असते, ताजी असते आणि परवडते. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. त्याच वेळी त्यांनी तिचंही रक्त तपासलं. तिलाही साखर निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात आत रक्त साकळल्याचं सांगितलं.

त्या शनिवारी तिनं आपली पिशवी टाचणीला देऊन टाकली.

टाचणी म्हणजे आमच्याच पट्ट्यावरची, काडीसारखी बारीक आणि तोंडानं टोचणारी. तिचा नवरा घर सोडून गेलेला, मागे तीन पोरी. तिला दोन पिशव्या मिळायला लागल्या, तेव्हा ती तराजूला म्हणाली, “तुझा मला फार आधार झाला बघ.” तराजूनं मान खाली घातली. पुढं ती मला म्हणाली, की आपल्या घरातलं विष दुसऱ्याच्या घरात टाकल्यासारखं तिला त्या क्षणी वाटलं होतं.

घरात काही सोपं नव्हतं. मुलीनं पहिले आठ दिवस ताट सरकवून दिलं. पेंटर, पन्नाशीचा बाप्या, एक पाय गेलेला, गोडासाठी लहान पोरासारखा रडला. “माझा पाय घेतला, आता जीभ पण घ्या,” असं म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. गुरुवारी आठवड्याचा बाजार भरायचा. ती कामावरून परस्पर तिकडे जायची आणि बाजार उठायच्या वेळेला जे उरलं असेल ते घ्यायची. थंडीत गाजर, कोबी, सलगम, वाटाणा. पावसाळ्यात पालेभाज्या, शेंगा. उन्हाळ्यात भोपळा आणि काकडी, दुसरं काही नसायचंच. कोपऱ्यावरचा म्हातारा भाजीवाला तिला शिकवायचा. “कोबी हातात घेऊन दाबून बघ बाई, पोकळ लागला तर ठेव खाली,” असलं काहीतरी. तिच्या हाताला वजन कळायचंच. महिन्याभरात तो म्हातारा तिलाच विचारायला लागला, यातला कुठला चांगला म्हणून.

वर्षभरात तिची साखर खाली आली. मुलीचा चेहरा उजळला, सारखं दुखणारं डोकं थांबलं. पेंटरचा आकडाही उतरला. पण जे गेलं ते गेलं होतं. आता जे उरलंय तेवढंच राखायचं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि इथं तिचं चुकलं, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. माणसाला एखादी गोष्ट लागू पडली, की ती सगळ्या जगाला लागू पडावी असं त्याला वाटतं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडायची आणि सुरू व्हायची. या महिन्यात काय घ्या, काय घेऊ नका, कुठली डाळ भिजवा. कुणी बिस्कीट चहात बुडवलं की तिची नजर तिकडे जायची. आम्ही तिला ‘भोपळेबाई’ म्हणायला लागलो. टाचणी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “उद्यापासून भट्टीत भोपळेच भाजूया, काय म्हणता?” खूप हशा पिकला. मीही हसले.

मग कारखान्यात आरोग्य शिबिर झालं. साहेबांनी मांडव घातला, डॉक्टर आणले, फोटोवाला आणला. अडुसष्ट बायकांचं रक्त तपासलं. एकवीस जणींना साखर निघाली. त्यात पंचविशीच्या दोन पोरी होत्या. शेवटी साहेबांनी माईकवर विचारलं, “कुणाला काही बोलायचंय का?” असल्या वेळी कुणी बोलत नसतं. तराजू उभी राहिली.

तिला माईक धरता येत नव्हता. ती म्हणाली, “साहेब, आपली पिशवी चांगल्या मनानं देता, पण आमची घरं तिच्यावरच जेवतात. माझ्या माणसाचा पाय गेला. पिशवीऐवजी तेवढ्याच किमतीची भाजी आणि डाळ द्या आम्हाला. बाजारात त्या त्या दिवसांत जे स्वस्त असेल ते. आणि जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची आहे, ती थोडी वाढवा.”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं तिचा फोटो काढला. आम्ही हात मांडीत ठेवून बसलो. टाचणी माझ्या कानात म्हणाली, “हिला कुणी सांगितलं होतं?”

पुढच्या शनिवारी पिशवी नव्हती. फाटकाजवळ कागद चिकटवला होता: कामगारांच्या आरोग्याच्या हितासाठी तुकडा-वाटप बंद करण्यात येत आहे. भाजीचा, डाळीचा, सुट्टीचा कुठं उल्लेख नव्हता. सगळे तुकडे आता गुरांच्या खाद्याचा ठेकेदार ट्रकमध्ये भरून नेणार होता, रोख देऊन. आम्ही रिकाम्या हातांनी फाटकात उभ्या होतो आणि तो ट्रक आमच्यासमोरून गेला.

टाचणीनं तिथंच तिला गाठलं.

“तुझ्या घरात दोघं कमावत होते,” ती म्हणाली. “पाय गेला, तुला अक्कल आली. माझ्या तिघींची सकाळ होती त्या पिशवीत. सोमवारी शाळेत जाताना काय देऊ त्यांना? तुझं भाषण देऊ?”

“मी बंद करा म्हटलं नव्हतं,” तराजू म्हणाली. “त्याऐवजी द्या म्हटलं होतं. तू ऐकलंस ना? तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ना?” तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. मी दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर तिला वाळीतच टाकलं म्हणा. जेवणाच्या टेबलावर ती बसली की बाकीच्या उठायच्या. कुणीतरी तिच्या कपाटात सडलेला भोपळा ठेवला; त्याचं पाणी तिच्या कपड्यांवर गळलं. तिनं मोरीत जाऊन कपडे धुतले आणि ओलेच घालून घरी गेली. मी माझा डबा पलीकडच्या टेबलावर नेला. चौदा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. मी स्वतःला सांगितलं, चार दिवस जाऊ देत, सगळं निवलं की बोलू.

ती साहेबांकडे तीनदा गेली. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, वर विचारलंय. तिसऱ्यांदा हसून म्हणाले, “मावशी, तुम्हीच तर सांगितलंत की पिशवीनं आजार होतात. आता परत सुरू केली तर उद्या तुम्हीच मला दोष द्याल.” तिच्या तोंडाला पानं पुसली म्हणतात, ती अशी.

मग तिनं जे केलं ते आम्हाला फार उशिरा कळलं. पहाटे चारला उठून ती मोठ्या पातेल्यात जव आणि कडधान्य शिजवायची, आदल्या गुरुवारची जी भाजी असेल ती त्यात टाकायची, आणि कामाला जाताना झाकण लावून ते टाचणीच्या दारात ठेवायची. तिघी पोरी शाळेत जायच्या आधी खातील म्हणून. पहिल्या दिवशी पातेलं संध्याकाळी तिच्या जिन्यात परत आलं, जसंच्या तसं, आंबलेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी टाचणीनं ते गटारात ओतताना सायकलवाल्यानं पाहिलं. तराजू रोज नवीन शिजवत राहिली. पेंटर ओरडायचा, “वेड लागलंय का तुला? तिकडे ओततायत आणि तू इकडे रांधतेयस!” ती म्हणायची, “पोरींनी माझं काय केलंय?”

अकराव्या दिवशी पातेलं रिकामं आलं. कुणी ते नीट खरवडून खाल्लं होतं. पोरींनी आईच्या नकळत खाल्लं, की आईनंच शेवटी हात टेकले, कुणास ठाऊक. पुढं दीड वर्ष ते पातेलं जात राहिलं आणि येत राहिलं. टाचणी मात्र तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. पट्ट्यावर समोरासमोर उभ्या राहायच्या दोघी, मध्ये बिस्किटं वाहत असायची.

पेंटरचं दुसरं पाऊल पुढच्या थंडीत बिघडलं. मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा त्याला रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर न्यायचे. मुलगी दवाखान्यात नोकरीला लागली होती, तीच घेऊन जायची. आता पथ्यही बदललं होतं. ज्या भाज्या तिनं दोन वर्षं कौतुकानं घातल्या, त्यांतल्या अर्ध्या आता चालत नव्हत्या, आणि पाणीसुद्धा मोजून. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “मग मी याला आता घालू तरी काय?” एका दुपारी यंत्रावरच त्याचं हृदय थांबलं. शेवटच्या आठवड्यात त्यानं मलईचं बिस्कीट मागितलं होतं. तिनं ते दिलं. मुलगी रागावली, तर ती म्हणाली, “आता कशाला?”

मी गेले त्या दिवशी. जिना चढून दारापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. बाकी कारखान्यातली एकही बाई आली नव्हती. तराजू खाटेवर बसलेली होती. तिनं मला पाहिलं, जरा सरकून जागा केली. मी तिच्याजवळ बसले. सव्वा वर्षात पहिल्यांदा. मला वाटलं होतं ती काही बोलेल, निदान एवढं तरी विचारेल, की आता आलीस? तिनं विचारलं, “जेवलीस का?” मला रडू आवरेना. नवरा तिचा गेला होता आणि रडत मी होते.

नंतर तिचा उजवा डोळा गेला. आधीच्या वर्षांत जे बिघडलं होतं ते खाण्यानं परत येणारं नव्हतं. पट्ट्यावर बिस्किटं नीट दिसेनात, म्हणून तिला झाडलोटीला लावलं. बावीस वर्षं त्याच पट्ट्यावर उभ्या राहिलेल्या बाईला. सहा महिन्यांत तिनं काम सोडलं. कुणी निरोप दिला नाही. टाचणी त्या दिवशी रजेवर होती; मुद्दाम की कसं, मला माहीत नाही.

आता या सगळ्याला नऊ वर्षं झाली. तराजू मुलीजवळ राहते. तिची साखर ताब्यात आहे, पाय शाबूत आहेत, डावा डोळा अंधुक का होईना, आहे. डॉक्टरीणबाईंचे केसही आता पिकायला लागले. त्या तिची कागदपत्रं बघून म्हणतात, अशी माणसं मला फार भेटत नाहीत. मला चार वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हा मी तिच्याकडेच गेले. तिनं आम्हाला ज्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि आम्ही ज्यांच्यावर हसलो होतो, त्याच तिनं मला पुन्हा सांगितल्या. पण आता ती विचारल्याशिवाय कुणाला काही सांगत नाही. शिकवायची हौस तिची कायमची फिटली.

गुरुवारी आम्ही दोघी बाजारात जातो. तिला पाट्यांवरचे भाव वाचता येत नाहीत, ते मी वाचते. परवा थंडी होती, गाजरं नुकतीच आली होती. बाजाराच्या पायऱ्यांवर दम खायला बसलो असताना मी तिला विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं.

“त्या दिवशी मांडवात तू उभी राहिली नसतीस तर?”

तिनं पिशवीतली गाजरं नीट लावली.

“तर तुम्ही सगळ्या माझ्याशी बोलत राहिल्या असतात,” ती म्हणाली. मग म्हणाली, “टाचणीची मोठी आता इंजेक्शन घेते म्हणे. तेवीस वर्षांची पोर.”

“हो,” मी म्हटलं.

“दीड वर्षच देता आलं मला,” ती म्हणाली. “पुढं डोळ्यानं दगा दिला. पहाटे अंधारात जिना दिसेना.”

मी तिची पिशवी माझ्याकडे घेतली आणि आम्ही उठलो. टाचणीचं घर त्याच रस्त्यावर लागतं. तराजू दारासमोर आली की चाल मंद करते, दर गुरुवारी करते. दार उघडं असलं तरी आतून कुणी हाक मारत नाही.